धाकट्याची कावीळ

आई, माझ्या मुलाला मुलगी झाली, म्हणजे तू पणजी झालीस. चार दिवसांची पोर नाशिकरोडच्या दवाखान्यात निळ्या दिव्याखाली उघडी झोपली आहे, डोळ्यांवर पट्टी बांधून. कावीळ आहे. एवढ्याशा काविळीला एवढा थाट कशाला, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. ही डॉक्टरीण माझ्या मुलापेक्षाही लहान आहे. ती म्हणाली, "आजी, थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते आणि जाते. पण रक्तातला तो पिवळा रंग फार वाढला तर मेंदूत शिरतो. पेशींना ताकद पुरवणारी एन्झाइम मंदावतात. तिथं बिघडलं की दुरुस्त होत नाही." मी मान हलवली. एन्झाइम मला शाळेत पचनाच्या धड्यात भेटली होती. मेंदूत त्यांचं काय काम, हे अजून उमगलेलं नाही. पण माझा धाकटा भाऊ आठवला आणि मी बाहेर बाकावर येऊन बसले.

एकलहऱ्याची वीज केंद्राची कॉलनी. मी दहा वर्षांची आहे. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकीला गोधडी लावली आहे आणि त्या अंधाऱ्या खोलीत तू धाकट्याला रोज हळद-सायीनं चोळते आहेस. शेजारच्या काकू म्हणतात, "रंग लय गोड आलाय. अन् रडत बी नाय, गुणी हाय लेकरू." तू खूश होतेस. तो दूध ओढेनासा झाला तरी आपण त्याला गुणीच म्हणत होतो. बाबांनी त्याला उजेडात नेलं तोवर तो मान मागे टाकून ताठ होऊ लागला होता. तू ओल्या फडक्यानं त्याची हळद पुसत होतीस आणि पिवळा रंग जाईना.

तू गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. ऐकू येत नाही, हात ऐकत नाहीत, चहाचा कप मीच धरते. डोकं मात्र तल्लख. पत्त्यांत मला रोज हरवतो.

माझ्या लग्नाच्या आधी मी तुला तोंडावर म्हणाले होते, तुझ्या हळदीनं वाटोळं केलं त्याचं. तू पोळी लाटत होतीस, लाटतच राहिलीस. त्यानंतर तू कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाहीस. गुडघे दुखतात म्हणायचीस. गुडघे खरंच दुखायचे, म्हणून मला आजही नक्की कळत नाही.

मघाशी मी डॉक्टरीणबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, हळद लावल्यानं कावीळ होते का? "होत नाही, फक्त असलेली दिसत नाही," ती म्हणाली. यात तू सुटलीस की आणखी अडकलीस? मी विचार करत होते, तेवढ्यात तिनं विचारलं, "घरात आणखी कुणाला जन्मल्यावर अशी जास्त कावीळ झाली होती का? काही घराण्यांत रक्तातलं एक एन्झाइमच कमी असतं. तसं असेल तर तपासायला हवं."

मी "नाही" म्हणाले. तिनं तसं लिहून घेतलं.

जन्मभर ज्याला त्याला तुझी चूक सांगत आले, आणि जिथं सांगायला हवं होतं तिथं नाही म्हणाले. तुला वाचवलं की स्वतःला, काही कळत नाही. कदाचित तुझी चूक नव्हतीच, ते रक्तातच असेल, तुझ्याही आणि माझ्याही. हा कागद घडी घालून पर्समध्ये टाकते आणि आत जाऊन खरं सांगते. मला भीती एवढीच वाटते की धाकट्याची गोष्ट मी आजवर तुझ्यावर रागावूनच सांगितली आहे. न रागावता ती कशी सांगायची, हे मला येत नाही.