सतरा जणांनी भरलेला कागद

तीर्थरूप बुरुलचाताईस,

धाकट्या सैराकानचा सलाम. तुझे गुडघे, तुझी गाय आणि तुझा राग, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. (गाईचं आधी विचारणार होते, पण तू मोठी.) इकडे सर्व कुशल, म्हणजे मी सोडून. फोन न करता पत्र का, तर आमच्या घरात फोन सार्वजनिक आहे. मी हॅलो म्हटलं की सासूबाई भिंतीपलीकडून उत्तर देतात. म्हणून मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती हे देते आहे.

माझ्या डाव्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली हे तुला कळलंच आहे. मला ते तुझ्यानंतर नऊ दिवसांनी कळलं. तोवर तुझा मेहुणा जेंगिश 'थंडी बसलीय' म्हणून मला लोकरीच्या शाली गुंडाळत होता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मेल्याला धड खोटं बोलता येत नाही. थंडी म्हणायचा आणि रडायचा. शेवटी बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला झापलं आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. स्तन काढावाच लागेल, त्यात ठरवण्यासारखं काही नाही. पुढचं मात्र माझ्यावर आहे: पोटाची चरबी घेऊन नवा करायचा, सिलिकॉन बसवायचं, की सपाटच राहायचं. त्यांनी प्रश्नांचा एक कागद दिला. मला काय किती महत्त्वाचं वाटतं ते शून्य ते दहात लिहायचं, आणि गुरुवारी आपण मिळून ठरवू, म्हणाल्या.

आता मिळून ठरवायची जेंगिशला एकच पद्धत ठाऊक. त्याने रविवारी मेंढी कापली आणि सतरा जणांना बोलावलं. मेंढीचं डोकं मानाचं म्हणून चुलतसासऱ्यांपुढे ठेवलं, आणि त्यांनी कान कापून पोरांना वाटता वाटता माझ्या छातीचा विषय काढला (नाव न घेता, 'ती जागा' म्हणत होते). चरबी लागते हे ऐकून थोरल्या जाऊबाईंनी स्वतःची देऊ केली, हवी तेवढी. दिरांनी सिलिकॉन चिनी की जर्मन ते विचारलं, कारण ते गाड्यांचे सुटे भाग विकतात. सासूबाई म्हणाल्या, साठीच्या बाईला ही थेरं कशाला. (मी बावन्नची आहे.) आणि लगेच रुमालात तोंड खुपसून अशा रडल्या की मला त्यांचा रागसुद्धा धड येईना. मी घरची सून, तेव्हा चहाच्या समोवारपाशी बसून चहा ओतत होते. पाहुण्याची चहाची वाटी अर्धीच भरायची, काठोकाठ भरली तर 'आता निघा' म्हटल्यासारखं होतं, हे तुला सांगायला नको. सतरा जण पुन्हा पुन्हा मागत होते आणि माझा हात थांबत नव्हता. कागद हातोहात फिरला, प्रत्येकाने आपापला आकडा घातला, आणि माझ्याकडे फक्त वाटी पुढे केली.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी कागद उलटासुलटा करून विचारलं, यात तुमचं काय आहे? मी म्हटलं, तो चहाचा डाग. त्या हसल्या नाहीत. जेंगिशला बाहेर बसवलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, तुम्ही दिवसभर काय काम करता? मी सांगितलं की जून लागला की कुरणावर जाते, अकरा घोड्या आहेत, दिवसातून सहा वेळा दूध काढते, गुडघ्यावर बसून, बादली दंडाला अडकवून. त्यांनी सगळं लिहून घेतलं गं! मग म्हणाल्या, पोटावर कापलं तर यंदा बादली विसरा. किरणं द्यावी लागली तर सिलिकॉन त्रास देऊ शकतं. सपाट राहिलात तर पुढे कधीही विचार बदलता येईल. 'यातलं तुम्हाला काय सोसेल?' तेव्हा मात्र माझा बांध फुटला. ताई, मला तो हवा आहे. तीन पोरं पाजून झाली, केस पांढरे झाले, तरी मला माझा स्तन हवा आहे, आणि एवढ्या माणसांत हे मी एकालाही सांगू शकले नव्हते. बाहेर आल्यावर जेंगिशला विचारलं, तुझं काय मत? म्हणाला, 'तू घरी ये. बाकी काय ते तू बघ.' आणि लगेच गाडीच्या टायरमध्ये हवा कमी आहे म्हणून वाकून बसला, बराच वेळ.

असो. मी सपाटच राहायचं ठरवलं आहे आणि सगळ्यांना तसं सांगून टाकलं आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी,
सैराकान

ता. क. मेहुण्यासाठी सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या पाठव, खारट. रडून रडून त्याच्या अंगातलं मीठ संपलं असेल.

पुन्हा ता. क. ठरवलं आहे असं वर लिहिलं ते खोटं. काही ठरलेलं नाही, पुढच्या गुरुवारपर्यंत वेळ आहे. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन झालेल्या बायकांचे फोटो दाखवले, पण त्यांत कुणालाच तोंड नव्हतं, गळ्याखालूनच सगळ्या. त्यांना मी काय विचारणार? ताई, सहा वर्षांपूर्वी तुझा स्तन काढला तेव्हा तुला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तेव्हापासून तू आमच्याबरोबर वाफेच्या न्हाणीत आली नाहीस, आणि ताईला वाफ सोसत नाही असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. सोमवारी मी एकटी येते आहे. न्हाणी तापवून ठेवशील? मला बघू देशील? नको वाटलं तर नको म्हण, मी रुसणार नाही. तुला विचारते आहे.