काकांचे शेवटचे दोन दात

६ जानेवारी

आजपासून रोज साडेपाचला उठणे. आज आठला उठलो, पण संकल्प दुपारी केला, त्यामुळे तो मोडला असं म्हणता येत नाही.

डेंटलचं शेवटचं वर्ष. २४ मार्चला प्रॅक्टिकल. तोंडात एकही दात नसलेला पेशंट आपणच शोधून आणायचा, त्याची पूर्ण कवळी करायची आणि परीक्षकांसमोर बसवून दाखवायची. पेशंट नाही तर परीक्षा नाही. बाकी सगळ्यांना मिळालेत. घाई केली की कसलेही पेशंट मिळतात. मला दर्जेदार हवा.

१५ जानेवारी

बसस्टॉपवर एक आजोबा. गाल आत गेलेले, ओठ घट्ट मिटलेले. तीन बस सोडून त्यांच्याशी गप्पा मारल्या. शेवटी एकदाचे हसले. सगळे दात शाबूत, शिवाय पांढरेशुभ्र. मला त्यांचा राग आला. डॉक्टरला हे शोभत नाही.

२९ जानेवारी

रिटायर्ड पोस्टमन मिळाले होते. संपूर्ण बोळकं. नऊची वेळ दिली, साडेदहाला पोचलो. तोवर ते शेजारच्या खुर्चीवालीकडे जाऊन बसलेले. ही माझ्याच वर्गातली, क्लिनिकमध्ये माझ्या शेजारी काम करते. तिच्याकडे आधीचा एक पेशंट आहेच. ती म्हणाली, मी त्यांना तुझी वाट बघा म्हटलं होतं, तेच नको म्हणाले. लोकांना आजकाल धीर नाही.

४ फेब्रुवारी

काखेत कळसा अन् गावाला वळसा.

जेवताना काकांकडे प्रथमच नीट पाहिलं. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, टेलर. कॉलेजला लागल्यापासून मी त्यांच्याकडेच राहतो, दुकानामागच्या खोलीत. माझा ॲप्रन त्यांनीच शिवला. खिशावर निळ्या दोऱ्यानं 'डॉ.' भरून दिलं. मीच मागे लागलो होतो. पुढचं नाव निकालानंतर भरायचं ठरलंय.

काकांना दोनच दात आहेत. डावीकडे वर एक, खाली एक, समोरासमोर. दोन म्हणजे जवळजवळ शून्यच.

८ फेब्रुवारी

काकांना कवळीचे फायदे समजावले. पाऊण तास. ते म्हणाले, हे दोन आहेत म्हणून माझं काम चालतं. काका दोरा या दोन दातांत धरून तोडतात. कात्री शोधेपर्यंत बाही शिवून होते म्हणे. काकूनं विचारलं, दुखत नाहीत, हलत नाहीत, मग काढायचे कशाला? सामान्य माणसाला विज्ञान समजावणं फार अवघड.

मग खरं काय ते सांगितलं. पेशंट नसेल तर मला परीक्षेला बसू देणार नाहीत. काकांनी मशीन थांबवलं. म्हणाले, अहो डॉक्टर, मग आधी सांगायचं ना. त्यात काय एवढं. काकूनं माझं ताट मात्र जरा जोरात ठेवलं.

१२ फेब्रुवारी

चांगले दात काढायला आमच्या विभागाच्या मॅडम सही देत नाहीत. म्हणून काकांच्या पेशंट-कार्डावर लिहिलं, 'दोन्ही दात हलतात.' टेबलाशी गर्दी होती, मॅडमनी न बघता सही केली. तसे सगळ्यांचेच दात कधी ना कधी हलतात.

हलणारा खालचा दात काढायला पन्नास मिनिटं लागली. वरच्याला पस्तीस. काकांनी खुर्चीचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. नंतर दोन्ही दात मागून घेतले, कागदात गुंडाळले आणि खिशात ठेवले. मी विचारलं, कशाला? म्हणाले, असू दे.

२१ फेब्रुवारी

शेजारच्या खुर्चीवालीनं अडवलं. हिरड्या भरून यायला दोन महिने तरी लागतात, आत्ता माप घेतलंस तर हिरडी मागाहून आक्रसेल आणि कवळी सैल पडेल. ती फार पुस्तकी आहे. काका कष्टाचा माणूस, त्यांच्या हिरड्या लवकर भरतील.

आज नववा दिवस. माप घेतलं. काकांचे डोळे भरून आले होते. तोंडात मापाचा साचा असल्यामुळे कारण विचारता आलं नाही.

१० मार्च

कवळी तयार. देखणी. काकांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, आता लग्नाला उभा राहीन. काकूसुद्धा हसली. शेजारच्या खुर्चीवालीला मुद्दाम नेऊन दाखवली. तिनं फक्त दात काढल्याची तारीख विचारली.

१८ मार्च

कवळी वाजते. काका बोलले की आतून टकटक येतं. परवा एक गिऱ्हाईक हसलं. तेव्हापासून काका माप घेताना बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. आणि जेवताना काढून बटणांच्या डब्यात ठेवतात. काकू सगळं मऊ शिजवून देते.

मला लाज वाटली. मग विचार केला, नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतोच. तरी जेवायला काकांसमोर बसलो नाही. अभ्यास होता. केला नाही.

२४ मार्च

प्रॅक्टिकल. कवळीला चिकटवायची पावडर लावली. जरा जास्तच.

परीक्षकांनी काकांना साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले. उच्चार तपासतात. 'सदुसष्ट'ला वरची कवळी खालचीवर आपटली. काकांनी अंगठ्यानं ती वर दाबली आणि अडुसष्टपासून पुढे सुरू केलं.

परीक्षकांनी मला विचारलं, शेवटचे दात कधी काढले? माझी दातखीळ बसली. काकाच म्हणाले, झालं की वर्ष. परीक्षकांनी विचारलं, का काढले? काका म्हणाले, हलत होते हो, फार त्रास द्यायचे, पोरानं सुटका केली बघा.

परीक्षकांच्या हातात माझं कार्ड होतं. त्यावर १२ फेब्रुवारी. त्यांनी कार्ड पाहिलं, काकांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. काकांना नमस्कार केला आणि म्हणाले, या तुम्ही.

काका जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर खोटं बोलले. तेही माझं झाकायला. येताना बसमध्ये त्यांच्या शेजारी जागा होती. मी मागे जाऊन उभा राहिलो.

११ एप्रिल

नापास. सहा महिन्यांनी पुन्हा. नव्यानं पेशंट, नव्यानं कवळी.

परीक्षक कडक होते असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही. ते दात हलत नव्हते.

काकांना सांगितलं. वाटलं, चिडतील. निदान काकू तरी. काका म्हणाले, बरंच झालं, आता माझ्या हिरड्या अगदी तयार आहेत, तुला बाहेर शोधायला नको, परत माझंच माप घे.

मी ॲप्रन पुढे केला. म्हटलं, खिशावरचं 'डॉ.' उसवून टाका. काका म्हणाले, राहू दे, सहा महिन्यांचा तर प्रश्न. एक टाका सुटला होता, तो उलट पक्का करून दिला. मग सवयीनं दोरा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात नेला आणि तोंड मिटलं. दोरा ओला होऊन तसाच बाहेर आला. काका कात्री शोधायला लागले.

मी त्यांच्या हातातून ॲप्रन घेतला आणि दोरा दातांनी तोडला. पहिल्याच फटक्यात तुटला. माझे बत्तीसच्या बत्तीस आहेत, एकही हलत नाही.