स्टिकल टार्नला बारा जण

रविवार, ७ सप्टेंबर
काल मंडळाच्या गणपतीच्या जेवणात ट्रेक जाहीर केला. शनिवार, २० तारीख. उत्तर इंग्लंडातलं लेक डिस्ट्रिक्ट, स्टिकल टार्न. टार्न म्हणजे डोंगरावरचं तळं. दीड तास चढ. वेबसाइटवर ‘मॉडरेट’ लिहिलंय. ज्याने कॉलेजात असताना दर रविवारी सिंहगड चढलाय त्याला हे काय सांगायचं. दर रविवारी म्हणजे पाच-सहा वेळा, पण रविवारीच.

लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या मराठी लोकांना लीडर हवाच होता. मसालेभात वाढून घेता घेता सगळे हो म्हणाले.

सोमवार, ८ सप्टेंबर
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. अकरा नावं झाली. मधुमतीताई, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी, घरचे धरून चौघे. प्रणव, चैत्राली आणि त्यांची सहा वर्षांची तनू. माझ्याच बिल्डिंगमधला यतीन आणि त्याचे तीन फ्लॅटमेट. मी धरून बारा.

बायकोला, अरुणाला, पुण्याला फोन करून सांगितलं. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती फेब्रुवारीत गेली. गुडघा एप्रिलमध्ये बरा झाला, पण गुडघ्यांचं काही सांगता येत नाही म्हणते. ट्रेकचं ऐकून म्हणाली, बरं झालं, तुला सोबत मिळाली. मी म्हटलं, सोबतीचा प्रश्नच नाही, लोकांना जबाबदार माणूस लागतो.

मंगळवार, ९ सप्टेंबर
ग्रुपवर नियम पाठवले. १) लीडरच्या पुढे कोणी जायचं नाही. २) मागे पडणाऱ्याला हसायचं नाही. ३) शिट्टी ऐकली की जागच्या जागी थांबायचं. शिट्टी माझ्याकडे आहे.

अजून कोणाचं उत्तर नाही. वाचत असतील. नियम नीट वाचायला वेळ लागतो.

गुरुवार, ११ सप्टेंबर
आजपासून प्रॅक्टिस. स्टेशनला रोज चालत जायचं, पंचवीस मिनिटं, नवे बूट घालून. आज बसने गेलो, कारण बूट ट्रेकपर्यंत कोरे राहिलेले बरे. लिफ्ट मात्र टाळली. उतरताना.

शनिवार, १३ सप्टेंबर
मधुमतीताईंचा फोन. म्हणाल्या, अहो, पितृपक्ष लागलाय हे लक्षातच आलं नाही, या पंधरवड्यात नवीन काही करू नये म्हणतात. मी म्हटलं, डोंगर जुनाच आहे. हसल्या बऱ्याच. येत नाहीत. याच बुधवारी त्यांच्याकडे नवा सोफा आला, त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर आहे. लीडरने मन मोठं ठेवायचं असतं.

आठ जण उरले. आठ हा आटोपशीर आकडा आहे. बारा जरा गर्दीच झाली असती.

मंगळवार, १६ सप्टेंबर
चैत्रालीचा मेसेज. तनूला शनिवारी एका वाढदिवसाचं आमंत्रण आलंय आणि रविवारी दुसऱ्याचं. त्या मुलीला आठवड्याला दोन आमंत्रणं येतात. मला या वर्षी एकही आलेलं नाही, पण मला पार्ट्यांची आवडच नाही.

उरले पाच. आता एका गाडीत मावतो, कॉन्व्हॉयची कटकट गेली.

गुरुवार, १८ सप्टेंबर
यतीन लिफ्टमध्ये भेटला. मी शनिवारचा विषय काढला तर म्हणाला, काका, मी ‘बघू’ म्हटलं होतं ना. फ्लॅटमेटपैकी एक ऑन-कॉल आहे, दोघांचं क्रिकेट आहे. तो स्वतः मात्र ट्राय करतो म्हणाला, एकदम शंभर टक्के ट्राय.

आपल्यात ‘बघू’ म्हणजे हो असतं. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून हो म्हणायची ती एक पद्धत आहे. शिवाय तो मला काका म्हणतो. परक्याला कोणी काका म्हणत नाही. यतीन येणार.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
छत्तीस दशम्या केल्या, माणशी तीन. शेंगदाण्याची चटणी. पहिल्या सात दशम्यांचे नकाशे झाले, नंतर हात बसला. दोघांसाठी छत्तीस का, असं कोणी विचारेल. पण मराठी माणूस आयत्या वेळी येतो, आणि आला की उपाशी येतो.

शनिवार, २० सप्टेंबर, पहाटे ५.१०
सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये उभा आहे. सगळ्यांनी भेटायची ठरलेली जागा हीच, वेळ पाचची. यतीन निघाला असेल.

५.४५
दोनदा फोन केला. उचलला नाही. गाडी चालवताना उचलू नयेच. त्याच्याकडे गाडी नाही हे आत्ता आठवलं.

६.००
ग्रुपवर टाकलं: निघतोय, मागून येणाऱ्यांनी लोकेशन बघावं.

शनिवार, रात्री ११, घरी
सगळं नीट लिहून ठेवतो.

साडेअकराला चढायला सुरुवात केली. ओढ्याच्या कडेने दगडी पायऱ्या आहेत. मॉडरेट लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय. टाचेला फोड आला. सगळे मला ओलांडून पुढे गेले, त्यात एक आजोबा दोन नव्या गुडघ्यांचे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. वाटेत तीनदा मागे वळून पाहिलं. का ते माहीत नाही.

अडीच तासांनी वर पोचलो तर ढग खाली उतरलेले. तळं दहा फूट दिसत होतं, बाकी पांढरं. सगळे घाईने उतरायला लागले. पांढऱ्या केसांच्या एक बाई थांबल्या, नाव जोन. विचारलं, एकटाच आलास का. मी म्हटलं, नाही नाही, आम्ही बारा जण आहोत, बाकीचे मागून येताहेत, मी लीडर.

त्यांनी पाठीवरची सॅक खाली ठेवली. म्हणाल्या, मग ते दिसेपर्यंत थांबते. मला वाटलं, पाच मिनिटं थांबतील आणि जातील. त्या थांबल्याच. वीस मिनिटं झाली. ढग आणखी दाट. विचारलं, त्यांच्याकडे गरम कपडे आहेत ना? म्हटलं, आहेत. नकाशा? म्हटलं, माझ्याकडे. सगळ्यांत लहान कोण? आता इथे गप्प बसायचं होतं. मी म्हटलं, तनू, सहा वर्षांची.

जोनबाईंचा चेहरा उतरला. माझी शिट्टी मागून घेऊन त्यांनी सहा वेळा वाजवली, थांबल्या, पुन्हा सहा वेळा. दोघेही कान देऊन उभे. खरं सांगायचं तर मीही ऐकत होतो. कोणीतरी हाक देईल असं मला वाटत होतं.

मग त्या फोन घेऊन एका दगडावर चढल्या, रेंज शोधायला. म्हणाल्या, नाइन नाइन नाइन करते, माउंटन रेस्क्यूला बोलवायला हवं, लहान मूल आहे. तेव्हा मी इंग्रजीत म्हणालो, की प्लीज करू नका. कोणी नाहीये. माझ्याबरोबर कोणीच आलेलं नाही.

त्यांनी विचारलं, लहान मुलगी? म्हटलं, नाही. कोणीच? म्हटलं, कोणीच नाही.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हव्या होत्या. त्या दगडावरून उतरल्या, फोन खिशात ठेवला आणि म्हणाल्या, चल, आपण दोघं उतरू. पूर्ण वाट माझ्या पुढे चार पावलं चालल्या, प्रत्येक निसरड्या पायरीवर थांबून. खाली आल्यावर नंबर दिला. म्हणाल्या, घरी पोचलास की कळव, कोणाला तरी माहीत असलेलं बरं.

आत्ता कळवलं. त्यांचं उत्तर आलं, गुड.

रविवार, २१ सप्टेंबर
यतीनचा मेसेज: सॉरी काका, अलार्म वाजलाच नाही, नेक्स्ट टाइम नक्की. बाकी ग्रुपवर शांतता.

दुपारी अरुणाचा फोन. ट्रेक कसा झाला, किती जण होते. मी म्हटलं, बारा. ती खूश झाली. म्हणाली, बघ, मी तिथे नसले तरी तुझं काही अडत नाही. मी म्हटलं, छे, काहीच अडत नाही. मग आईकडे कोणी आलं म्हणून तिने फोन ठेवला.

तिला खरं सांगायला हवं होतं. मोठं काही नव्हतं, मला इथे कोणी नाही, एवढंच. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, मराठीत. काल डोंगरावर इंग्रजीत म्हटलं तेव्हा इतकं लागलं नव्हतं.