शंखातलं पाणी

बारामती, ५ जून १९३४
फलटणहून बैलगाडीत सामान घालून आलो. शाळेत मास्तरकी मिळाली, सरुबाईंकडे खोली मिळाली, आणि खोलीला चक्क फरशी आहे! रोज दोनदा पुसणार. लोक मला सोवळा मास्तर म्हणतात, म्हणोत बापडे. कौसल्या पाच वर्षांची झाली, अजून बोलत नाही. तिची आई गेल्यापासून माझं एकच मागणं आहे, पोरीने एकदा 'बाबा' म्हणावं.

७ जून
सरुबाईंचे भाऊ रावजी समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकणाऱ्या जहाजावर होते. खोल तळातून ओढून काढलेल्या तारेला एक शंख चिकटून आला. जहाजावरच्या साहेबानेही म्हणे असा दुसरा पाहिला नव्हता. केशरी पट्ट्यांचा, भोवऱ्यासारखा, काठाला करवतीने कापावी तशी फट. तोंडावर नखासारखं पिवळं झाकण, घट्ट. तीन वर्षं तो सरुबाईंच्या देव्हाऱ्यात आहे. रात्रभर शंखात ठेवलेलं पाणी पाजलं की मुक्या पोराला वाचा फुटते, हे मीही लहानपणापासून ऐकत आलो. "झाकान काडा आन् पाजा, मास्तर. देवाचं हाय, इटाळ न्हाय," असं त्या म्हणाल्या. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही, असं झाकण कशाचं असतं ते काय ठाऊक. चाकूने झाकण उचकटलं. असा कुजका वास आला की अंगणात जाऊन ओकलो. आत काही दिसलं नाही. शंख सात वेळा धुतला.

११ जून
सकाळी पाणी शेंबडासारखं दाट. मला बघवत नाही. कौसल्या मात्र गटागटा पिते, वर फट चाटत बसते. गुण येतोय, मध्येच सोडू नका, असं सरुबाईंचं म्हणणं.

१५ जून
मिठाची बरणी रिकामी. कौसल्याच मीठ शंखात ओतते. तिची जीभ किसणीवर घासल्यासारखी सोललेली, आखूड झालेली. तोंडाला तोच वास. शी! आज तिला कडेवर घेतलं नाही. बापाने लेकीची किळस करावी? शंख फेकायला निघालो, तर तिच्या ओठांतून 'ब—' असं काही आलं. आणखी थोडे दिवस.

१८ जून
मीच पाजलं. फटीतून गुलाबी, ओलं काहीतरी आलं आणि तिच्या ओठांत शिरलं— मी शंख ओढला. निघेना. हातभर लाळेची तार—

१९ जून
सरुबाई अंगणातून ओरडल्या, "मास्तर, पोर बोलली!"
मीही ऐकलं. 'बाबा.' स्वच्छ.
कौसल्या माझ्यासमोर, तोंड मिटून. हाक देव्हाऱ्यातून—
मी तिचं तोंड उघडलं. जीभ नाही. मुळाशी गुळगुळीत. तिची जीभ तिकडे, शंखाच्या फटीतून बाहेर, काठ चाटते आहे—
पुन्हा 'बाबा'. कौसल्या हात धरून मला तिकडे ओढते.
पाच वर्षं हाच एक शब्द— ओ कशी देऊ नये— मी—