लिनक्सची सुटका

५ जानेवारी २०२६, सोमवार
पोरगा राजू काल महिन्याची चक्कर टाकून पुण्याला परत गेला. दिवसभर कॉम्प्युटरमध्ये डोकं. एकाच पेटीत दोन बिऱ्हाडं: माझं विंडोज, त्याचं लिनक्स. चालू केलं की काळा पडदा येतो अन् विचारतो, कोणाकडं जायचं? राजू लिनक्समध्ये शिरला, अपडेट करत बसला. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. चार वाजता म्हणाला, अण्णा, निघतो, बस आहे.
छातीत धडधडतं ते त्याला सांगायचं राहिलं. गीतालाही सांगत नाही, बायको आहे, घाबरेल.
निश्चय: १ फेब्रुवारीला तो येईल, त्याआधी लिनक्स काढून टाकायचं. मग पोरगा दिवसभर मोकळा.

९ जानेवारी
गीताला कळू द्यायचं नव्हतं. कळलं. म्हणाली, नववी नापास माणसानं मशीनला हात लावू नाय. मी म्हणालो, हर्सूल जेलच्या गेटवर नोकरी काढली, कुलूप-किल्लीचं मला शिकवू नको. म्हणाली, व्हय, अन् घराची किल्ली रोज मलाच मागता.
बीपी वाढल्यासारखं वाटलं. आज काम बंद.

२० जानेवारी
क्रांती चौकात फारूखच्या रिपेअरिंगच्या दुकानात. एका दोस्ताचा कॉम्प्युटर आहे असं सांगून विचारलं. म्हणाला, चाचा, काळा पडदा म्हणजे बूटलोडर. पहले उसको हटाओ, बाद में लिनक्स. उलटा मत करना, नाहीतर दोस्ताचं विंडोजपण खुलणार नाही. माझ्या तोंडाकडं बघून पुन्हा सांगितलं.
पोरगा चांगला, पण जेल पाहिलेलं नाही. गेटवरचा शिपाई आधी हलवला तर कैदी काय गप बसेल? आधी कैदी सोडायचा, मग शिपायाला घरी पाठवायचं.

२९ जानेवारी, सकाळी
गीता बाजारात गेली. लिनक्सच्या भागावर गेलो, डिलीट दाबलं. नक्की का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. नक्की. गेलं.
राजूचं आत काही असेल का, हे नंतर सुचलं.

थोड्या वेळानं
बंद करून चालू केला. काळा पडदा, इंग्रजीत एक ओळ, पुढं एक रेघ लुकलुकते. विंडोजही नाही. सगळी बटणं दाबली. वायर काढून पुन्हा लावली. शिपाई गेटवर उभाच, पण कोणालाच आत सोडत नाही.
गीतानं विचारलं, तोंड का उतरलं? म्हणालो, अपचन.

३० जानेवारी
फारूखला घरी बोलावलं. आल्या आल्या म्हणाला, चाचा, दोस्ताचा कॉम्प्युटर हाच का? गीता चहा घेऊन मागंच उभी. त्याला माझा जेलचा नियम समजावला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, चाचा, इस सिपाही की चाबियां कैदी के पास थीं. हे कसलं जेल!
पेन ड्राइव्ह लावला, काहीतरी टाइप केलं. चहा संपायच्या आत विंडोज सुरू. काळा पडदा गेला. म्हणजे माझं बरंचसं काम बरोबरच होतं.

३१ जानेवारी, संध्याकाळ
गीता उद्याच्या मटणासाठी लसूण सोलत होती. मला राहवलं नाही, राजूला फोन करून सांगून टाकलं. म्हणाला, जाऊ द्या, तिथं काही नव्हतं, सगळं पुण्यात आहे. उलट बरं झालं अण्णा. त्या अपडेटसाठीच दर महिन्याला चक्कर व्हायची. आता उगाच कशाला येऊ? दिवाळीला बघू.
मी म्हणालो, तेच तर म्हणतो, उगाच दगदग.
त्यानं विचारलं, तब्येत? म्हणालो, ठणठणीत.

१ फेब्रुवारी, रविवार
कॉम्प्युटर चालू केला. आता काही विचारत नाही, सरळ उघडतो. शेजारच्या खुर्चीवर गीतानं लसणाची वाटी ठेवली आहे. ती उचलत नाही.
ठरवलं होतं तसंच झालं. राजू आज दिवसभर मोकळा आहे.