शेवटच्या ओळीतलं नाव

मंगळवार, बेंबळी

आईनं रचलेलं देवीचं गाणं मीच शांताला शिकवलं. वीस वर्षं आमी दोघी आराधी मेळ्यात मांडीला मांडी लावून गातोय. आज तिच्या सुनेनं मोबाईलवर तेच गाणं कौतुकानं दाखवलं. गाणारी शांता. शेवटच्या ओळीत आईचं नाव येतं, तिथं हिनं स्वतःचं घातलंय!

तिला विचारलं, तर म्हणते, "अगं, तुझ्या आईला आता कोण वळखतंय?"

मी वळखते की! आणि ही? आई गेली तेव्हा हिच्याच गळ्यात पडून रडले होते ना मी?

संध्याकाळी मेळ्यात ती ओळ आली. मी मोठ्यानं आईचं नाव घेतलं. बाकी साऱ्या बायकांनी शांताचं.