खोट्या खोकल्याचा दाखला

५ जून २०२५, विटा. सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान होतं तेव्हा वेळ नव्हता. आता दुकान नाही, वेळच वेळ.
बँकेशी तडजोड झाली आहे तिचा चौथा हप्ता भरला. नऊ हजार. असे साठ. एक जरी चुकला तर तडजोड रद्द आणि घरावर नोटीस. चुकणार नाही. मी शिस्तीचा माणूस आहे.

९ जून
मोठा शोध! मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. कर्ज देताना बँकेच्या पोरानं ‘इन्शुरन्स कंपल्सरी आहे काका’ म्हणून एक लाख बारा हजारांची पॉलिसी गळ्यात मारली होती, तीही कर्जातूनच कापून. कंपल्सरी नव्हतीच! असे पैसे परत मिळतात म्हणे.
सही माझीच आहे. पण आमच्या गलाईच्या धंद्यात किलोकिलोनं सोनं तोंडी शब्दावर येतं-जातं. समोरच्यापुढं कागद वाचत बसणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. मी बावीस फुल्यांवर बावीस सह्या ठोकल्या आणि वर चहा पाजला.
या पैशातून क्रांतीच्या आईला पाटल्या करायच्या. दुकान बुडताना तिच्या तीन तोळ्यांच्या पाटल्या मी माझ्याच हातानं मुशीत टाकल्या. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दिवाळीच्या पाडव्याला नव्या पाटल्या तिच्या हातात. लिहून ठेवतो म्हणजे पक्कं.

१४ जून
क्रांतीचा सांगलीहून फोन. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, पप्पा, आधी कंपनीला साधा ई-मेल करा, फुकट असतंय. आणि खोकला अजून हाय का? शिकलेली पोरं घाबरट. खोकला धुळीचा आहे.

२० जून, सातारा
सल्लागार गाठला. नाव ऋषिराज. पोवई नाक्याजवळ ऑफिस, एसी. पंचवीस वर्षं सोन्याचा टंच नजरेनं सांगितला, माणसाचा सांगायला कितीसा वेळ! ऋषिराजचा टंच नव्याण्णव पूर्णांक पाच. शुद्ध माल. फी नऊ हजार, आगाऊ. दिली. पावती मागितली नाही. म्हणाला, तुमी गलाईवाले, शब्दाची माणसं, काम झालंच समजा.

५ जुलै
हप्त्याचे पैसे फीमध्ये गेलेत. बँकेशी जुने संबंध आहेत, समजून घेतील.

११ जुलै
हप्ता जमा झाल्याचा मेसेज. म्हटलं होतं ना! बँकेनंच आतल्या आत काहीतरी अॅडजस्ट केलं असणार.
क्रांतीच्या आईची फॉल-पिकोची मशीन जागेवर दिसत नाही. दुरुस्तीला गेली असेल. विचारलं नाही. तिची खडखड नसल्यानं दुपारी झोप छान लागते.

२४ जुलै
कंपनीचं पत्र: सही तुमची, पैसे मिळणार नाहीत. ऋषिराज डगमगला नाही. त्याची युक्ती अशी. फॉर्मवर ‘तब्येत ठणठणीत’ अशी खूण त्या बँकेच्या पोरानं केली. आपण म्हणायचं, मी तेव्हाही आजारी होतो आणि मला माहीत होतं. आजारी माणसाला ही पॉलिसी विकताच येत नाही. म्हणजे ती फसवूनच विकली. फक्त डॉक्टरचा दाखला हवा. तेजाबाच्या वाफेनं फुप्फुसं गेलीत असा.
खोटंच सांगायचं, काका, बाकी काय न्हाई, म्हणाला.
हे मला कोणी शिकवायला नको. शेजारच्या दुकानातला केरबा त्याच खोकल्यानं गेला. वाकून, छाती धरून, शेवटी शिट्टीसारखा आवाज. घरी प्रॅक्टिस केली. पहिल्याच वेळी जमलं.
क्रांतीच्या आईनं ऐकलं. म्हणाली, आवं, पॉलिसी मोडल्यावर तुमचं काय बरंवाईट झालं तर कर्ज कुणी फेडायचं? माझी बी सही हाय त्याच्यावर. बायकांना अशुभच सुचतं. टंच कमी.

६ ऑगस्ट, सांगली
आज मी कमाल केली. छातीच्या डॉक्टरकडे बाहेर बाकावर बसूनच खोकायला सुरुवात केली. असा रंगलो की पंधरा मिनिटं थांबता येईना. नर्स पाणी घेऊन धावली. रुमालावर लाल थेंबसुद्धा पडला! परवा पान खाल्लं होतं, त्याचा असणार.
एक्स-रे काढला. नळीत फुंकायला लावलं. मी मुद्दाम कमी फुंकलं. दुसऱ्यांदा जोरात फुंकून पाहिलं तरी काटा तिथंच. मशीन जुनं आहे. डॉक्टरचा चेहरा उतरला. म्हणाला, इतके दिवस कुठं होता? आठ दिवसांनी घरच्यांना घेऊन या.
पार फसला बिचारा. दाखला असा झक्क लिहिलाय की वाचून मलाच भीती वाटली. आठ दिवसांनी जायची गरज नाही, काम झालं.
दाखला कपाटात, साड्यांच्या खाली. झेरॉक्स ऋषिराजला.

५ सप्टेंबर
जिंकलो!! कंपनीनं मान्य केलं. पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द, रक्कम परत. त्याआधी एका कागदावर सही: ‘हा आजार मला कर्जाआधीपासून होता व तो मला ठाऊक होता.’ या वेळी वाचून सही केली. सुधारलो आहे.
सोन्याचा दर फार चढलाय. दोन पाटल्या बसणार नाहीत. एका तोळ्यात दोन बारीक बांगड्या छान दिसतील. तिचा हात नाजूकच आहे.
पेढे घेऊन जिना चढताना दोनदा बसावं लागलं. आनंदानं दम लागतो.

८ ऑक्टोबर
रक्कम परत आली. कर्जाच्या खात्यात. बँकेत विचारलं. तडजोडीच्या पत्रात अकरावं कलम आहे: कर्जाशी संबंधित कुठलीही रक्कम परत आल्यास थकीत व्याजात वळती होईल. खाली माझी सही. हप्ता तेवढाच राहिला.
ऋषिराजला फोन केला. पैसे परत आले न्हवं, काका? माझं काम तेवढंच, म्हणाला. वर दहा टक्के मागतोय. टंच जरा कमी निघाला.
हरकत नाही. कानातली करू. चांदीचीही हल्ली फॅशन आहे.

१९ ऑक्टोबर
क्रांती दिवाळीला आली. साडी काढताना तिला दाखला सापडला. दारात उभ्यानं वाचला आणि आईला हाक मारली. मी हसून सांगितलं की ते सगळं नाटक होतं. काल दोघी मला सांगलीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या.
डॉक्टरला म्हणालो, साहेब, माफ करा, मी तेव्हा मुद्दाम खोकलो होतो. तो म्हणाला, एक्स-रे कसा मुद्दाम काढाल? दोन्ही फुप्फुसं निम्म्याहून जास्त गेलीत. वर्षभराचीही खात्री देता येत नाही, म्हणाला. मग किती, हे मी विचारलं नाही.
बाहेर आल्यावर क्रांतीच्या आईनं एवढंच विचारलं, ती पॉलिसी परत चालू व्हईल का गं? क्रांतीनं मी सही केलेला कागद माझ्या मोबाइलवर वाचून दाखवला. ठाऊक होता. माझ्या सहीनं.
मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
मशीन क्रांतीच्या आईनं जुलैतच विकली होती. नऊ हजारांना. आज विचारलं तेव्हा कळलं. मागचे तीन हप्ते ती दुसऱ्याच्या दुकानात पिको करून भरत होती.
संध्याकाळी तिनं ओवाळलं. पाटावर सरळ बसता येईना, तिनं पाठीला उशी दिली. ताटात घालायला माझ्याकडं काही नव्हतं. हात खिशात घालून बसलो. तिनं ताट दोनदा जास्त फिरवलं, मला वेळ मिळावा म्हणून.
मग म्हणाली, ऱ्हाऊ दे आवं, पुढच्या पाडव्याला द्या.
एरवी मी लगेच लिहून ठेवलं असतं.